साडेपाच किलोंचा हिशेब

वहीच्या डाव्या बाजूला तारीख आणि बरोबरची खूण, उजव्या बाजूला वजन. रोज सकाळी चालून आले की खूण करायची आणि दर रविवारी उठल्या उठल्या, पाण्याचा घोटही घेण्याआधी, काट्यावर उभं राहून आकडा लिहायचा. अशी अकरा महिन्यांची पानं भरली आहेत. परवा कपाट आवरताना ती वही हाती लागली. हातातलं काम तसंच टाकून मी जमिनीवर बसले आणि खुणा मोजल्या. २६४ भरल्या. पहिल्या पानावरचं वजन ७२.४ किलो, शेवटच्या पानावरचं ७१.५. म्हणजे २६४ सकाळी, दर सकाळी पाऊण तास, आणि उतरलं ९०० ग्रॅम.

शेवटच्या आकड्याखाली पेन्सिलीने आडवी रेघ मारलेली आहे. इतकी दाबून, की पलीकडच्या पानावर तिचा वळ उठलाय. तो रविवार मला नीट आठवतो. काट्यावरचा आकडा आधी लुकलुकतो, ७१.९, ७१.३, ७१.६, आणि मग एका जागी थांबतो. तो थांबेपर्यंत मी श्वास धरून ठेवला होता. मी खाली उतरले, पुन्हा चढले. तोच आकडा. मग वहीत तो लिहिला, रेघ मारली आणि दुसऱ्या दिवसापासून चालायला जाणं बंद केलं.

आज लिहायला बसले आहे ती त्या रेघेमुळे. ती मारताना वाटलं होतं, न जमलेली एक गोष्ट आपण सोडून देतोय. आता कळतं, की जमत असलेली गोष्ट मी सोडली होती. ती जमतेय की नाही हे मी विचारलं मात्र भलत्याच साक्षीदाराला.

वहीच्या पहिल्या पानावर मी लिहून ठेवलं होतं, ‘वर्षभरात सहा किलो.’ हा आकडा काही हवेतून आणलेला नव्हता. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात असं धरतात. १९५८ मध्ये मॅक्स विश्नॉफ्स्की नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी एक पौंड वजन म्हणजे ३,५०० कॅलरी असं मांडलं होतं, त्याचंच हे किलोतलं रूप. माझ्या वजनाचं माणूस पाऊण तास झपाझप चाललं, तर नुसतं बसून राहिल्यावर जळलं असतं त्यापेक्षा साधारण १६० कॅलरी जास्त जळतात. २६४ गुणिले १६० म्हणजे ४२,२४०. त्याला ७,७०० ने भागलं की साडेपाच किलो येतात. गणितात कुठेही चूक नाही. तरी साडेपाचातले ०.९ किलो मिळाले आणि साडेचार किलोंहून जास्त मिळालेच नाहीत. ते कुठे अडकले, हे शोधायला मला पुढे बरीच वर्षं लागली, कारण रेघ मारली त्या वेळी मी शोधायला बसलेच नाही. माझंच शरीर वाईट, असं म्हणून मोकळी झाले.

मनगटावरचा पट्टा तर मला दर फेरीला तीनशेहून जास्त कॅलरी दाखवत होता, आणि मी त्यावर मनापासून विश्वास ठेवत होते. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी असे सात पट्टे ६० जणांच्या हाताला बांधून तपासले. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरोबर मोजले. कॅलरींच्या बाबतीत मात्र सगळ्यांत चांगला पट्टासुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होता आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्क्यांनी. शिवाय पट्टा जो आकडा दाखवतो त्यात बसून राहिलो असतो तरी जळणाऱ्या कॅलरीही बऱ्याचदा धरलेल्या असतात. त्या काही व्यायामाची कमाई नव्हेत.

आपण दिवसभरात जी ऊर्जा खर्च करतो तिचा मोठा भाग, बहुतेकांच्या बाबतीत ६० ते ७० टक्के, आपण काहीही न करता जातो. पडून राहिलं तरी जातो. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण विश्रांतीतल्या खर्चातला पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. हृदय आणि मूत्रपिंडं तर किलोमागे दिवसाला सुमारे ४४० कॅलरी जाळतात. त्यांच्यापुढे स्नायू अगदीच काटकसरी, विश्रांतीत किलोमागे दिवसाला जेमतेम १३. ‘स्नायू वाढवा, म्हणजे झोपेतही चरबी जळेल’ असं सांगणाऱ्यांनी हा आकडा कधी पाहिलेला नसावा. दोन किलो स्नायू कमवायला महिनोन् महिने घाम गाळावा लागतो आणि त्यापोटी बसल्या जागी दिवसाला २६ कॅलरी जास्त जातात. स्नायू कमवावेत, जरूर कमवावेत, म्हातारपणी खुर्चीतून हात न टेकता उठता यावं म्हणून कमवावेत. पण कारण खरं सांगावं.

खाल्लेलं पचवण्यात साधारण दहा टक्के जातात. उरलं ते हालचालींचं. त्यातही ठरवून केलेला व्यायाम हा एक तुकडा, आणि बाकीचं म्हणजे दिवसभराची उठबस, जिने, उचलठेव, उभ्याने बोलणं, पाय हलवत बसणं. मला माझ्या हरवलेल्या किलोंचा पहिला माग इथे लागला, आणि तो आईने आधीच दाखवून दिला होता.

चालायला सुरुवात करून दोन-तीन महिने झाले असतील. दुपारी मी आडवी होऊन काहीतरी वाचत होते आणि आतल्या खोलीतल्या आईला म्हटलं, “आई, येताना पाणी आणतेस का गं?” तिने पाणी आणलं, माझ्या हातात दिलं, आणि तिथेच उभी राहून म्हणाली, “सकाळी एवढी तरातरा चालून येतेस, आणि मग दिवसभर जागची हलत नाहीस. पूर्वी घरात दहा फेऱ्या व्हायच्या तुझ्या.” मला राग आला. म्हटलं, “अगं, पाऊण तास चालून आलेय मी!” ती काही बोलली नाही. रिकामा पेला घेऊन आत गेली.

ती म्हणत होती ते शब्दशः खरं होतं. चालणं सुरू केल्यापासून मी लिफ्ट वापरायला लागले होते. सकाळी पाय दमलेत म्हणून. संध्याकाळी जवळच्या कामालाही गाडी काढायचे. फोनवर बोलताना पूर्वी खोलीभर फिरायचे, आता उशीला टेकून बोलायचे. यातलं काहीही मी ठरवून केलं नव्हतं. सकाळी कर्तव्य पार पडलं, आता आपण सुटलो, असं कुठेतरी आत पक्कं झालं होतं आणि शरीर त्याप्रमाणे वागत होतं.

या बारीकसारीक हालचालींचं मोल किती असू शकतं, हे जेम्स लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं. त्यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त खाऊ घातल्या. सगळ्यांना सारख्याच. पण चरबी वाढली ती कुणाची ०.३६ किलो, तर कुणाची ४.२३ किलो. फरक कशाने पडला, तर नकळत होणाऱ्या हालचालींनी. ज्यांची चरबी फारशी वाढली नाही त्यांचं शरीर आपोआप चुळबुळं झालं होतं. उठत होते, वळत होते, उभे राहत होते. एकाच्या बाबतीत हा खर्च दिवसाला ६९२ कॅलरींनी वाढला, तर एका व्यक्तीत उलट ९८ ने घटला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आईच्या हातातला तो रिकामा पेला डोळ्यांपुढे आला. माझ्या १६० कॅलरींतल्या कितीतरी मी दुपारपर्यंत परत मिळवलेल्या असणार.

दुसरा माग लागला तो डब्यात.

चालून आल्यावर लगेच भूक लागायची नाही. तासाभराने लागायची, आणि ती नेहमीची भूक नसायची. पोटात भोक पडल्यासारखं व्हायचं. शेंगदाण्यांचा डबा खिडकीजवळ असायचा. त्यातून मूठभर काढायचे आणि उभ्या उभ्या तोंडात टाकायचे. बशीत घेतलेले नसत, त्यामुळे ते खाल्ल्यात मोडत नसत. अलीकडे मी एकदा ती मूठ स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजली. सहज मुठीत आले तेवढेच दाणे, मुद्दाम जास्त-कमी न करता. ३० ग्रॅम भरले. ३० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण १७० कॅलरी असतात. काट्यावरच्या त्या लहानशा ढिगाकडे मी बराच वेळ बघत राहिले. ज्यासाठी मी अंधारात उठत होते, बूट बांधत होते, धाप लागेतो चालत होते, ते सगळं माझ्या तळहातावर मावत होतं, आणि खायला एक मिनिटही पुरत नव्हतं.

शेंगदाणे वाईट नाहीत. आपण लबाडी करतो असंही नाही. खर्च वाढला की शरीर भरपाई मागतं, हे त्याचं कामच आहे. चरबीच्या पेशींमधून येणारं लेप्टिन हे संप्रेरक १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं, तेव्हापासून हे जास्त स्पष्ट झालंय, की साठा कमी होऊ लागला तर मेंदूला खबर जाते आणि मेंदू भुकेची मात्रा वाढवतो. खबर पोचवणारी ही यंत्रणा आपल्या संकल्पांपेक्षा फार जुनी आहे.

अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला स्वतःच्या वहीइतकाच जवळचा वाटतो. पाळी थांबलेल्या, बैठ्या सवयीच्या, वजन जास्त असलेल्या स्त्रियांचे गट करून त्यांना सहा महिने देखरेखीखाली व्यायाम करायला लावला. एका गटाला आठवड्याला सरासरी ७२ मिनिटं, दुसऱ्याला १३६, तिसऱ्याला १९४. पहिल्या दोन गटांचं वजन जवळपास हिशेबाप्रमाणे उतरलं. तिसऱ्या गटाचं, म्हणजे सगळ्यांत जास्त घाम गाळणाऱ्या बायकांचं, २.७ किलो उतरायला हवं होतं. उतरलं १.५. दुसऱ्या गटापेक्षाही कमी. त्या बायकांनी टाळाटाळ केली नव्हती, त्यांचं प्रत्येक मिनिट मोजलेलं होतं. हे वाचून मला एकाच वेळी रडू आलं आणि हायसं वाटलं. पुढे २०१९ मधल्या तशाच एका मोठ्या प्रयोगात हे कमी उतरण्यामागचं कारण शोधलं गेलं, आणि बोट गेलं ते मुख्यतः खाण्याकडे. थोडंसं जास्त, रोज, लक्षातही न येणारं.

पण तिसराही माग आहे, आणि त्याने माझी झोप उडवली. समजा, मी दिवसभरातली चुळबुळ कमी होऊ दिली नसती. समजा, मूठही मोजून खाल्ली असती. तरीही साडेपाच किलो पूर्ण मिळाले असते का? बहुधा नाही.

टांझानियाच्या उत्तर भागात हाड्झा नावाचे लोक राहतात. त्यांच्यातले बरेच जण अजूनही शिकार करून, कंद खणून, मध काढून जगतात. हर्मन पॉन्ट्झर हे मानववंशशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी तिथे गेले. हाड्झा पुरुष दिवसाला सरासरी ११.४ किलोमीटर चालत होते, बायका ५.८ किलोमीटर, आणि चालणं हा त्यांच्या कामाचा केवळ एक भाग. अशी माणसं दिवसाला किती ऊर्जा खर्च करतात हे मोजायची एक फार देखणी रीत आहे. माणसाला पाणी प्यायला देतात, पण त्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेहमीपेक्षा जड, ओळखता येतील असे असतात. जड हायड्रोजन शरीरातून बाहेर पडतो तो केवळ पाण्यावाटे, म्हणजे घाम, लघवी, वाफ. जड ऑक्सिजन पाण्यावाटेही पडतो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही. मग काही दिवस लघवीचे नमुने घेऊन दोन्ही किती वेगाने कमी होतात ते बघायचं. त्या दोन वेगांतल्या फरकातून माणसाने किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते कळतं, आणि त्यावरून किती इंधन जळलं ते. माणूस आपल्या नेहमीच्या आयुष्यात मोकळा हिंडत असतो, अंगावर ना नळी ना पट्टा.

२०१२ मध्ये निष्कर्ष आला. शरीराचा आकार हिशेबात घेतल्यावर हाड्झा लोकांचा दिवसाचा एकूण खर्च युरोप-अमेरिकेतल्या, बहुतांशी बसून काम करणाऱ्या माणसांइतकाच निघाला.

हे पहिल्यांदा वाचून माझा विश्वास बसला नव्हता. दिवसभर राबणारं शरीर आणि दिवसभर बसलेलं शरीर सारखंच इंधन कसं जाळेल? पॉन्ट्झर यांचं म्हणणं असं, की शरीर एकूण खर्च एका मर्यादेत ठेवू बघतं. हालचालीवर जास्त गेलं तर ते दुसरीकडे हात आखडतं. शरीरांतर्गत दाह, ताणाची संप्रेरकं, अशा आतल्या आत चालणाऱ्या कामांतून ते वाचवतं. २०१६ मध्ये त्यांनी पाच देशांतल्या ३३२ प्रौढांची मोजमापं मांडली. त्यात दिसलं, की बैठा माणूस थोडा हलू लागला की एकूण खर्च वाढतो, पण एका पातळीनंतर हालचाल वाढली तरी खर्चाची रेषा आडवी होत जाते. यावर तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहे, किती बचत होते आणि कुणाच्या शरीरात होते याबद्दल मतं वेगळी आहेत. २०२१ च्या एका विश्लेषणात, १,७५४ प्रौढांच्या नोंदींवरून, हालचालीमुळे वाढलेल्या खर्चातला सरासरी २८ टक्के हिस्सा शरीर विश्रांतीच्या खर्चातून भरून काढतं असा अंदाज निघाला. म्हणजे माझ्या १६० मधले ४५ तर शेंगदाण्यांच्या डब्यापर्यंत पोचायच्या आधीच वळते झाले असतील.

यात मला कुठेही शरीराची दगाबाजी दिसत नाही. आतल्या दाहातून आणि ताणातून ऊर्जा काढून ती चालण्याकडे वळवली जात असेल, तर त्याचा अर्थ चालणं आत खोलवर काहीतरी शांत करतंय. वजनाच्या रकान्यात ती तूट दिसते. शरीराच्या बाजूने बघितलं तर ती कमाईसुद्धा असू शकते.

पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वी ही गोष्ट बंगालमध्ये अर्धी समजलेली होती. जाँ मायर यांनी रॉय आणि मित्रा या सहकाऱ्यांसह तिथल्या तागाच्या गिरणीतल्या २१३ पुरुषांचा अभ्यास केला आणि तो १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बसून काम करणारे होते, कारकून होते आणि दिवसभर ओझी वाहणारेही. मध्यम कामापासून अवजड कामापर्यंत वर जावं तसं खाणं वाढत गेलं होतं, आणि वजन मात्र साधारण तेवढंच राहिलं होतं. जितकं जाळलं तितकं खाल्लं. पण अगदी बैठ्या टोकाला वेगळंच चित्र होतं. तिथली माणसं कमी हलत होती म्हणून कमी खात नव्हती. उलट जास्त खात होती आणि वजनानेही जास्त होती. जणू हालचाल एका किमान पातळीखाली गेली की भुकेचा काटाच बिघडतो. व्यायामाने वजन उतरत नाही असं सरसकट म्हणणाऱ्यांना मी नेहमी ही गिरणी सांगते. व्यायाम भूक वाढवतो हे खरं, पण तो भुकेला ताळ्यावरही ठेवतो.

श्वासाबद्दल लिहायचं राहिलं. त्या रविवारी मी काट्यावर श्वास धरून उभी होते. चरबी जळते म्हणजे ती नेमकी जाते कुठे? मी समजत होते घामातून, म्हणून दाट कपडे घालून चालायचे. रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी २०१४ मध्ये हा हिशेब स्वच्छ मांडला. दहा किलो चरबी पूर्ण जळाली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि १.६ किलोचं पाणी होतं. आपण चरबी उच्छ्वासातून सोडतो. तेव्हापासून चढावर धाप लागली की मला ती कटकट वाटत नाही. घाम म्हणजे काट्यावरून तात्पुरतं उतरलेलं पाणी, दोन पेले प्यायले की परत.

मग वजन उतरतं कशाने? मुख्यतः खाण्याने. हे वाक्य मला बरीच वर्षं उर्मट वाटायचं, कारण ते म्हणणारे बहुतेक लोक ‘तोंड बंद ठेव’ एवढंच सुचवत असतात. खाण्याचा प्रश्न इच्छाशक्तीइतकाच, कदाचित जास्तच, समोर काय ठेवलंय याचा आहे. केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे कारखान्यात खूप प्रक्रिया झालेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, घरी करता येईल असं. हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. प्रक्रिया केलेलं अन्न समोर असताना ते सगळे सरासरी दिवसाला ५०० कॅलरी जास्त खाऊन गेले. माणसं तीच, इच्छाशक्ती तीच. आणि दिवसाला ५०० कॅलरी भरून काढायला मला दोन तासांहून जास्त चालावं लागलं असतं.

त्याच हॉल यांनी वजन उतरवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या १४ जणांचा सहा वर्षांनी पाठपुरावा केला होता. स्पर्धेत प्रत्येकाचं सरासरी ५८ किलो वजन उतरलं होतं, त्यातलं सरासरी ४१ किलो परत आलं, आणि त्यांचं विश्रांतीतलं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत राहिलं. ही बातमी जगभर गाजली, आणि ‘सगळं व्यर्थ’ असा सूर लागला. पण पुढच्या वर्षी त्याच माणसांबद्दल आलेली दुसरी गोष्ट फार कुणी वाचली नाही. ज्यांनी उतरलेलं वजन सगळ्यांत चांगलं राखलं, त्यांनीच हालचाल सगळ्यांत जास्त वाढवलेली होती. वजन खाली आणायला व्यायाम कमी पडतो. खाली आलेलं वजन तिथे धरून ठेवायला तोच कामी येतो.

आता त्या रेघेनंतरच्या महिन्यांबद्दल.

चालणं बंद केल्यावर पहिले पंधरा दिवस काहीच वाटलं नाही. सकाळी जास्त झोपायला मिळायचं. मग हळूहळू रात्री जाग येऊ लागली. तीन वाजता डोळे उघडायचे ते उघडेच. दुपारी डोकं जड. चौथ्या महिन्यात लिफ्ट बंद होती म्हणून चार मजले चढावे लागले, तर तिसऱ्यावर कठड्याला धरून थांबले, आणि छातीत धडधड ऐकू येत होती. कमरेचा पट्टा एक भोक बाहेर सरकला होता. तेव्हा आठवलं, की चालत असताना तो एक भोक आत गेला होता, आणि मी त्याकडे बघितलंही नव्हतं, कारण वहीत पट्ट्यासाठी रकाना नव्हता. वजन फारसं न बदलताही व्यायामाने पोटाच्या आतली, अवयवांभोवतीची चरबी कमी होते, आणि घातक असते ती तीच. माझी कंबर मला उत्तर देत होती. मी फक्त काट्याला विचारत होते. नियमित तपासणीत रक्तदाबही वाढलेला निघाला. वजन? ७२ किलो. अर्ध्या किलोचा फरक. काट्याच्या मते चालणारी मी आणि न चालणारी मी जवळपास एकच होतो.

जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसमधले चालक आणि वाहक यांची तुलना मांडली होती. चालक दिवसभर बसलेले, वाहक दिवसभर जिना चढउतार करणारे. हृदयविकार वाहकांमध्ये बराच कमी होता. यावर शंका निघाली, की वाहक मुळातच सडपातळ असतील. म्हणून मॉरिस यांनी चक्क त्यांच्या गणवेशांच्या पँटचे कमरेचे माप मिळवले. वाहकांची कंबर खरोखरच लहान होती, पण तेवढ्याने फरक सुटेना. सडपातळ वाहक असो की जाडा, हृदयाच्या बाबतीत तो चालकापेक्षा सुरक्षितच होता. सत्तर वर्षं होऊन गेली या गोष्टीला. तरीही आपण माणसांना सांगतो, ‘वजन कमी करायचंय ना, मग चाला’, आणि काटा हलला नाही की माणसं चालणं सोडतात. व्यायामाला आपण एक भलतंच वचन द्यायला लावलं आहे. ते वचन मोडलं की शिक्षा माणसाच्या हृदयाला, झोपेला, गुडघ्यांना होते. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ती शिक्षा मी भोगली आहे.

मी पुन्हा चालायला लागले त्याला आता बराच काळ झाला. पहिल्या दोन आठवड्यांत वजन थोडं वाढलंच. नव्याने काम करू लागलेले स्नायू ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठवतात आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरतात, हे तोवर वाचलेलं होतं, म्हणून घाबरले नाही. खाण्याकडे वेगळं लक्ष दिलं, सावकाश, आणि त्यातून काही किलो उतरलेही. ते खातं वेगळं ठेवलंय. वहीत आता वजन महिन्यातून एकदा असतं. रोज असतात ती मिनिटं, आणि अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर दोन बोटं ठेवून मोजलेले नाडीचे ठोके. सुरुवातीला ते ७८ होते. आता ६६ च्या आसपास असतात.

या मंगळवारी रात्री मैत्रिणीचा फोन आला. आवाज पडलेला. “अगं, तीन महिने झाले, एक दिवस चुकवला नाही. एक किलोसुद्धा उतरलं नाही. उद्यापासून बंद करतेय.”

टांझानिया, बंगाल, लंडन, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. विचारलं, “झोप कशी लागते गं हल्ली?”

पलीकडे बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

“झोप ना,” ती म्हणाली, “झोप… अगं, गोळी घ्यायची राहूनच जातेय महिनाभर.”